व्याह्यांचा उजवा डोळा

देवानं माणूस घडवला तेव्हा सगळ्यात जास्त वेळ त्यानं डोळ्यावर घालवला असणार. बाकीचं शरीर उरलेल्या मातीत आणि उरलेल्या वेळात उरकलं. हे वाक्य मी माझ्या निरोपसमारंभात, इंदापूरच्या पंचायत समितीच्या सभागृहात बोललो होतो आणि त्याला टाळ्या पडल्या होत्या. ते वाक्य मी आता मागे घेतो. सांगवीच्या सावळारामरावांनी काळा चष्मा काढून मला आपला उजवा डोळा दाखवला, तेव्हा मी घरून पोटभर जेवून आलो होतो. पुढची पाच मिनिटं ते जेवण आहे तिथं ठेवणं, एवढंच माझ्या आयुष्याचं ध्येय होतं.

सावळारामराव माझे व्याही. माझी निकिता त्यांच्या अजितला दिली आहे. सांगवीत त्यांचा टोमॅटो असतो, ढोबळी मिरची असते, आणि चाळीस वर्षं उन्हाधुळीत काढल्यामुळे डोळ्यातही एक पीक आलं होतं. नाकाकडच्या कोपऱ्यातून मांस वाढत वाढत बुबुळाच्या काठाशी पोचलं होतं. डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात. सांगवीत त्याला ‘आबाच्या डोळ्यातलं ते’ म्हणतात. दोन वर्षांपूर्वी ते एकदा काढलं होतं, पण चौथ्याच दिवशी सावळारामराव पाठीला पंप लावून फवारणीला गेले आणि ते परत आलं, पहिल्यापेक्षा जाड होऊन. आता बारामतीच्या डॉक्टर प्राचीबाईंनी ते दुसऱ्यांदा काढलं, वरच्या पापणीखालची चांगली कातडी घेऊन त्या जागी बसवली, बारीक टाके घातले आणि बजावलं, “दिवसातून सहा वेळा थेंब. धूळ नाही, पाणी नाही, चोळणं नाही. या वेळी परत वाढलं तर बुबुळावर चढेल. मग माझ्या हातात फारसं राहणार नाही.”

त्यांचा डावा डोळा लहानपणी उसाचं पात लागून गेलेला. त्याला दिवस आहे की रात्र एवढंच कळतं. म्हणजे सावळारामरावांच्या मालकीचा चालू डोळा एकच, आणि तो हा.

तर हा डोळा. पांढरं म्हणावं असं त्यात काही शिल्लक नव्हतं. उन्हात पडून फुटलेल्या टोमॅटोचा जो रंग होतो, तो होता. त्यात काळे टाके, केसांसारखे. टाक्यांना पिवळट चिपडं लोंबत होती, वरची पापणी फुगून बुरशी धरलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी झाली होती, आणि हे सगळं हलत होतं. जखमेनं एका जागी पडून राहावं, अशी माझी तिच्याकडून किमान अपेक्षा असते. ही जखम माझ्याकडे वळून बघत होती.

“कसा दिसतुय?” सावळारामरावांनी विचारलं.

“छान,” मी म्हणालो. तेहतीस वर्षं सरकारी नोकरी केली की हे उत्तर आपोआप येतं.

ऑपरेशनला आठ दिवस झाले होते. मी रीतीप्रमाणे दोन शहाळी आणि बिस्किटाचा पुडा घेऊन बघायला आलो होतो, आणि रीतीप्रमाणे अर्ध्या तासात उठणार होतो. पण माझी नजर गेली ती त्यांच्या उजव्या कानावर. कान चकचकीत होता. डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत एक वाळलेला चिकट ओघळ होता, गोगलगाय गेल्यासारखा.

“थेंब कोण टाकतं?” मी विचारलं.

“कोण कशाला? माझं मीच.”

“टाकून दाखवा.”

सावळारामराव कॉटवर आडवे झाले. बाटली हलवली, टोपण काढून छातीवर ठेवलं, बाटली बरोबर डोळ्यावर धरली आणि थेंब सुटायच्या क्षणी डोळा गच्च मिटला. थेंब पापणीवर पडला, घरंगळला आणि माहितीच्या रस्त्यानं कानात गेला.

“झालं,” सावळारामराव म्हणाले.

आठ दिवस, दिवसातून सहा वेळा, औषध कानाला चाललं होतं. कान अगदी उत्तम होता.

मी तिथूनच प्राचीबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आत्ताच्या आत्ता घेऊन या.” घेऊन गेलो. त्यांनी यंत्रातून पाहिलं, डोळा धुऊन स्वतः थेंब घातला. “अजून वेळ गेलेली नाही,” त्या म्हणाल्या, “पण आठ दिवस वाया गेलेत. आता एक दिवसही जाता कामा नये. आणि याच्यापुढे थेंब यांनी टाकायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी टाकायचा.”

हे दुसरं कुणीतरी शोधायची बैठक सांगवीत ओसरीवर बसली.

“मला न्हाय जमायचं, भाऊ,” माझ्या विहीणबाई, रतनबाई म्हणाल्या. “पयल्या दिशी पट्टी सोडली तवा बगितलं. तवापास्नं घरात टोमॅटोची चटनी केली न्हाय मी.”

अजितनं दुसऱ्या दिवशी टाकून बघितला होता म्हणे, आणि तो खाली बसला होता. खरं म्हणजे पडला होता. पण जावई आहेत, म्हणून बसले म्हणतो. निकिताला पाचवा महिना. तिला नुसत्या औषधाच्या वासानं उलटी होत होती आणि सासूनं तिकडे बघायचीच बंदी केली होती.

“नर्सबाई?” मी विचारलं.

“सा येळा कोन येतंय सांगवीत?” रतनबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. “तुमी तर म्हशीच्या पोटात कोपरापतूर हात घालत हुता की. लग्नात सांगितलं न्हाय का, पंगतीत. जिलेबी वाढली तवा.”

हे मात्र खरं होतं. मी पशुधन पर्यवेक्षक होतो. अडलेली वासरं ओढून काढली आहेत, खुरातले किडे चिमट्यानं मोजून वेचले आहेत, आणि हे सगळं मी जिथं चार माणसं जेवायला बसलेली दिसतील तिथं आवर्जून सांगितलेलं आहे. अशा माणसाला एका डोळ्याची किळस येते, हे सांगायची सोय मी स्वतःच ठेवली नव्हती.

“टाकतो की,” मी म्हणालो.

इंदापूरहून सांगवीला दिवसातून सहा वेळा ये-जा करणं शक्य नव्हतं. म्हणजे मुक्काम आला, आणि मुक्काम म्हटल्यावर माझी बायको पद्मा आली, फोनवर.

“मुलीच्या घरी राहणार?” ती म्हणाली. “तिला मूल व्हायच्या आधी? आपल्यात मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. तुमच्या आईनं मरेपर्यंत पाळलं.”

“मग डोळ्याचं काय करू?”

तिलाही डोळ्याची काळजी होती. फक्त रीत मोडायची तयारी नव्हती. शेवटी तिनेच विचारलं, “ते टोमॅटोच्या क्रेटचं पत्र्याचं शेड आहे ना, ते घराला लागून आहे का सुटं?”

शेड घरापासून तीस पावलांवर होतं. पावलं मी स्वतः मोजली. तिथं माझी खाट पडली. चहा, जेवण, पाणी घरातून शेडात यायचं, शेडात मी ते घ्यायचो, आणि कागदोपत्री मी मुलीच्या घरचा थेंबही घेतला नाही. या प्रकारची व्यवस्था मला नोकरीपासून सवयीची होती. रात्री क्रेटमधून सडक्या टोमॅटोचा वास यायचा आणि डोळे मिटले की व्याह्यांचा डोळा दिसायचा. त्यामुळे दोन्ही एकमेकांना पूरक होते.

पहिला थेंब त्याच संध्याकाळी टाकायचा होता. मी साबणानं दोनदा हात धुतले. सावळारामराव कॉटवर उताणे, उशाशी मी, पायाशी अजित, दारात पाठ करून रतनबाई. युक्ती अशी, की थेंब बुबुळावर टाकायचाच नाही. खालची पापणी बोटानं ओढायची, तिची पिशवी होते, त्या पिशवीत सोडायचा. गाईला असाच टाकतात. मी पापणी ओढली. आत जे दिसलं त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की तिथं चिपडांचा एक दोरा होता, तो ताणला, लांब झाला आणि तुटेना. मी छताकडे बघितलं, श्वास घेतला, आणि असल्या वेळी तेहतीस वर्षं जे करत आलो तेच माझ्या तोंडानं माझ्या परवानगीशिवाय केलं.

“हो राजा, हो. हॉऽ हॉऽ,” मी म्हणालो. “झालं हं. अजितराव, शिंगं धरा.”

अजितराव आज्ञाधारक आहेत. ते डोक्याकडे आलेसुद्धा.

सावळारामराव उठून बसले. थेंब त्यांच्या मिशीवर पडला. त्यांनी शांतपणे चष्मा लावला, धोतराचा सोगा सारखा केला आणि म्हणाले, “पाव्हणं, मी मुलाचा बाप हाय.”

“चुकलं. सवयीनं गेलं तोंडातून.”

“सवय हाय ती जनावरांची. मी मुलाचा बाप हाय.”

आमच्याकडे मुलाच्या बापाचा मान मोठा. लग्नात मी त्यांचे पाय धुतले आहेत, फेटा बांधला आहे, त्यांच्या सहा आत्येभावांना टॉवेल-टोपी केली आहे. त्याच माणसाची हनुवटी धरून मी त्याला बैलाच्या रांगेत बसवलं होतं. मी हात जोडले. पद्मानं फोनवरून माफी मागितली. अजित म्हणाला, “आबा, डॉक्टरीण काय म्हणल्या ऐकलंत ना?” तेव्हा सावळारामराव म्हणाले, “डोळा जाईल, जाऊ दे. मान ऱ्हाऊ दे.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

रतनबाई तेवढ्यात स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. थोड्या वेळानं निकिता शेडात माझं ताट घेऊन आली आणि तोंडाला पदर लावूनच म्हणाली, “पप्पा, मामांना एकच डोळा आहे हो.” ताट ठेवून ती गेली. मला ते जेवण गेलं नाही, आणि या वेळी कारण किळस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचा थेंब चुकला. दहाचाही चुकला. मी बाटली हातात घेऊन ओसरीच्या पायरीवर बसलो होतो, वरच्या साहेबाच्या सहीची वाट बघत बसावं तसा. सावळारामराव कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. पाणी गळत होतं, उशी ओली झाली होती, आणि माश्यांना पत्ता लागला होता. एक माशी चष्म्याच्या कडेनं आत गेली. सावळारामरावांनी मान झटकली. तिला ते स्वतःच्या हातानं काढू शकत होते, पण हात लावायचा नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि कुणाला सांगायची इच्छा नव्हती.

साडेदहाच्या सुमारास सिंधुबाई आल्या. या सावळारामरावांच्या आत्या, पिंपळीला दिलेल्या, वय ब्याऐंशी, गावात त्यांचा शब्द खाली पडत नाही. आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे नुसतं बघून यायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. त्या काहीतरी करून यायच्या. आल्या आल्या त्यांनी भाच्याचा चष्मा काढला.

“अगं बया,” त्या म्हणाल्या, “किती घान साचलीया. घरात कोन पुसत न्हाय व्हय रं?”

सिंधुबाई दिवसातून चार वेळा मिश्री लावतात. त्यांचे दात, हिरड्या आणि ओठांचे कोपरे कायमचे काळे झाले आहेत. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, तोंडात घातलं, चांगलं घोळवलं आणि बाहेर काढलं. पदराचं टोक तपकिरी झालं होतं. त्यातून एक तार निघाली होती, ती त्यांच्या ओठापर्यंत गेली होती. ते टोक घेऊन त्या वाकल्या.

आयुष्यात मी पुष्कळ पाहिलं आहे, पण त्या क्षणी म्हशीच्या पोटातली सगळी वर्षं मला फुलबागेत घालवल्यासारखी वाटली.

सावळारामरावांनी ते टोक येताना पाहिलं. त्या एका डोळ्यानं जेवढं दिसत होतं तेवढ्यात त्यांना सगळं दिसलं. पण आत्याला नाही म्हणायचं कसं? लहानपणापासून त्यांचं नाक, तोंड आणि गुडघे आत्यानं याच पद्धतीनं पुसले होते. त्यांनी उशी घट्ट धरली. ओठ हलले. आवाज फार बारीक आला.

“पाव्हणं.”

मी उठलो आणि मध्ये हात घातला. “आत्याबाई, थांबा. जनावराच्या जखमेलासुद्धा मी असं पुसत नाही.”

सिंधुबाईंनी मान वर केली. पदराचं टोक हवेतच होतं. “मंग ह्यो काय जनावर हाय व्हय?” त्यांनी विचारलं.

रतनबाई दारात आल्या होत्या. मी काही बोललो तरी मुलाच्या बापाचा दुसऱ्यांदा अपमान होणार होता, आणि नाही बोललो तर डोळ्यात मिश्री जाणार होती. मी सावळारामरावांकडे बघितलं. त्यांनी एकदा माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं, एकदा त्या तपकिरी टोकाकडे. मानाचा हिशेब त्यांच्या कपाळावर दिसत होता.

“व्हय आत्या,” ते शेवटी म्हणाले. “जनावरच हाय मी. पाव्हण्यास्नी थेंब टाकू दे.”

“जनावर?”

“व्हय. त्यास्नी त्याचीच सवय हाय.” आणि ते उताणे झाले, हनुवटी वर केली. “अजित, ये रं. धर शिंगं.”

मी थेंब टाकला. पिशवीत, बरोबर मधोमध. सिंधुबाईंनी ते टोक कमरेला खोचलं आणि आपल्या भाच्याला काय झालंय ते दिवसभर पिंपळीत सांगितलं.

त्यानंतर चार आठवडे मी टाकत होतो. सकाळी सहाला पहिला, रात्री नऊला शेवटचा. नंतर डॉक्टरांनी हळूहळू सहाचे चार केले. मला सवय झाली असं लोक म्हणतात. झाली नाही. चौथ्या दिवशी एक टाका आपोआप सुटून पापणीच्या कडेला चिकटला होता, तो मी निर्जंतुक कापसानं टिपला आणि दुपारी जेवलो नाही. दहाव्या दिवशी पांढरट पापुद्रा निघाला. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा कळलं की म्हशीचं मला काही का वाटत नव्हतं. म्हैस बघते, पण तिला आपली ओळख नसते. व्याही वीतभर अंतरावरून बघतो आणि त्याला आपलं नाव, गाव, पगार आणि लग्नात काय दिलं ते सगळं ठाऊक असतं. एवढ्या जवळून मी पद्मालाही कधी पाहिलेलं नाही, आणि तिनेही तशी मागणी केलेली नाही.

पण थेंब एकही चुकला नाही. सावळारामराव पडले पडले मला म्हणायचे, “पाव्हणं, हॉऽ म्हणा. न्हाय म्हणलं तर डोळा मिटतुय.” मी म्हणायचो. रतनबाई आधी पाठ करून उभ्या राहायच्या, मग एका डोळ्यानं, मग दोन्ही. तिसऱ्या आठवड्यात लाल ओसरून गुलाबी झालं. एका सकाळी सावळारामराव ओसरीवरून शेताकडे बघत म्हणाले, “त्या कडंच्या वळीतल्या मिरचीवर काय पडलंय?” अजित गेला आणि परत येऊन म्हणाला, पानं मुरडलीत, थ्रिप्सची कीड पडलीय. रतनबाई आत गेल्या. त्या दिवशी घरात टोमॅटोची चटणी झाली.

पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला बारामतीला तपासणी. प्राचीबाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. “कातडी छान धरलीय,” त्या म्हणाल्या. “परत वाढायची काही खूण नाही. आणखी दोन आठवडे दिवसातून दोनदा, मग बंद. ऊन-धुळीत चष्मा मात्र कायमचा.” मग त्यांनी विचारलं, “थेंब कोण टाकत होतं?”

“हे,” सावळारामराव म्हणाले. “आमचं व्याही.” एवढंच म्हणाले, पण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. मुलाच्या बापानं मुलीच्या बापाच्या खांद्यावर हात ठेवलेला मी आमच्या भागात प्रथमच पाहिला.

मी दोन दिवस इंदापूरला जाऊन सोमवारी परत येणार होतो. तेवढे चार थेंब रतनबाईंनी अंगावर घेतले. सावळारामराव मला बारामतीच्या एसटी स्टँडवर सोडायला आले. त्यांनी चष्मा काढला. डोळा पांढरा होता. कोपऱ्यात थोडी गुलाबी छटा, बस. मी त्या डोळ्याकडे पाहिलं आणि पोटात काहीही ढवळलं नाही. लांबवर एक गाडी लागत होती. “ती बगा तुमची इंदापूर,” ते म्हणाले. पाटी मला वाचता येईना. समोर डिझेलचा धूर फार होता.

“पाव्हणं,” ते घसा खाकरून म्हणाले, “एक मागू का?”

“मागा,” मी म्हणालो. त्या घटकेला त्यांनी इंदापूरचं घर मागितलं असतं तरी मी पद्माला विचारलं असतं.

“राग मानू नका.”

“नाही मानत.”

“महिनाभर तुमी माझ्या तोंडावर वाकून थेंब टाकत हुता. आधी काय दिसत न्हवतं, तवर बरं हुतं. आठ दिसापास्नं समदं लख्ख दिसतंय.” त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “सोमवारी येताना नाकातलं क्यास तेवढं कापून या.”